सोडून दे ते पान

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात कुरुंद्याच्या नव्या विहारावरून शेषराव मिस्त्री परांचीसगट खाली आला, पाय प्लॅस्टरात गेला, आन् त्या दिसापासून त्याच्या पोरीला, सपनाला, एकाच माणसाचा संशय होता. परांचीवाल्या भावसिंगचा. बांबू त्याचे, दोऱ्या त्याच्या, आन् बापाशी रोजची कुरकुर. गावभर ती तेच बोलत सुटली. रविवारी विहाराच्या कमिटीपुढं ती त्याचं नाव घेणार होती. मग त्याला कामावरून काढणार, हे तिला बराबर ठाऊक होतं. तेच तर पाह्यजे होतं.

नववीतून शाळा सोडून बापाच्या हाताखाली कामाला लागलेली पोरगी, पण वाचायला चपळ. बापाला पडून पडून करमंना म्हणून तिनं हिंगोलीच्या वाचनालयातून उशीएवढी जाड कादंबरी आणली. परमुलखातली, मराठीत केलेली. आठशे वर्षामागं एका गावानं दगडाचं थोरलं चर्च बांधलं, त्याची गोष्ट. बांधणारे म्हातारे होऊन मरतात, पोरं पुढचे थर चढवतात.

"चुना किती दिवस भिजवला, लिहिलं का?" शेषराव इचारी.

"न्हाई."

"मग लिहिणाऱ्याला काय कळतं."

एका दुपारी गोष्टीतला गवंडी परांचीवरून पडला.

"सोडून दे ते पान," बाप म्हणला.

"काहून?"

"दगडाचं वाच."

सपनाचे डोळे बारीक झाले. बाप भावसिंगला भिऊन राहिला, दुसरं काय? ती पुस्तक घेऊन चुलीपाशी गेली आन् मनात वाचू लागली. गोष्टीतलं गावबी घातपात म्हणूनच बोंबलत होतं. त्यातला म्हातारा मिस्त्री म्हणला, आधी दोरी दाखवा. कापलेली दोरी येगळी दिसते, सुटलेली येगळी.

पुस्तक तिथंच टाकून ती विहाराकडं निघाली. काम बंद होतं. पडलेल्या कोपऱ्यातली दोरी बांबूला तशीच लोंबत होती. तिनं टोक हातात घेतलं. अख्खं. कुठं कापलेलं न्हाई, तुटलेलं न्हाई. दोरीत दोनच वेढ्यांचे वळ राहिले होते.

काथ्याच्या दोरीला दोन वेढे पुरतात, पण ही नवी नायलॉनची, घसरणारी. त्या सकाळी भावसिंग खालून वरडला होता, चार घे म्हणून. "मला नको शिकवू," असं तीच म्हणली होती. त्यो कोपरा तिनं बांधलेला.

घरी येऊन ती उंबऱ्यातच उभी राहिली. "बाबा, तुमाला ठावं होतं."

"चढायच्या आधी मी गाठीला हात लावून पाह्याला पाह्यजे होतं. मिस्त्री मी हाय."

"आन् भावसिंगला?"

"त्यानं तव्हाच दोरी पाह्यली. मीच त्याचे हात धरले. म्हणलं, लेकरू हाय, बोलू नको."

"मी गावभर त्याला काय काय बोलले, आन् तुमी ऐकून घेतलं?"



सपना तशीच भावसिंगच्या दारात गेली. त्यो बांबू रचत होता.

"गाठ माही होती," ती म्हणली. "रविवारी कमिटीपुढं सांगते."

"कमिटीचं मागून," वर न पाहता भावसिंग म्हणला. "माही बायको आठ दिस झाले नळावर गेली न्हाई. बाया बोलतात. ती आत बसली हाय. पह्यलं तिला सांग."

सपनानं चपला काढल्या आन् आत गेली.