वळणाआधी

आई गेल्यानंतरचा हा पहिला नदीदिवस. नदी साफ करणारा आमचा गट तिनंच उभा केलेला, पण आज माणसं निम्मीच आली होती आणि आलेलीही थकलेली. शेवटच्या दिवसांत आई शुद्धीवर नव्हती, त्यामुळे तिचा निरोप घेणं राहूनच गेलं होतं. म्हणून पुलावरून तिच्यासाठी एक पुष्पचक्र सोडायचा हट्ट मी धरला. ते वळणापलीकडे दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचं, एवढंच मला हवं होतं.

ते वळणापर्यंत पोहोचलंच नाही. खालच्या काठावर गटातले शिंपीकाका कचरा काढत होते. त्यांनी सवयीनं आकडा टाकला, चक्र ओढलं आणि पोत्यात कोंबलं.

मी धावत खाली गेले, तोवर मावशीनं त्यांना फैलावर घेतलं होतं. "डोळे आहेत की बटणं? अहो, माझ्या ताईसाठी होतं ते!"

"मला काय ठाऊक? फुलं दिसली, काढली. तुमच्या ताईनंच लावलेली सवय." काका रडवेले झाले. "थांब पोरी, परत सोडतो."

त्यांनी चक्र बाहेर काढलं. शेवंती चेंबली होती, आतली तार उघडी पडली होती. ही तार आईनं मला नदीत टाकू दिली नसती, स्वतःसाठी तर नाहीच नाही.

"राहू द्या, काका."

मी काठावरच बसले. फुलं ओल्या कचऱ्यात, तार सुक्यात, असं वेगळं करू लागले. मावशी शेजारी टेकली आणि तिनं आपला हातमोजा काढून पुढे केला.

"घाल. बोटं कापतील."