मावशींची चाल

नगररचना खात्याने ठरवलं, की शहर आता आणखी पसरू द्यायचं नाही. शाळा, दवाखाना, बाजार, बसथांबा, सगळं प्रत्येकाच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर हवं. पण चाल कोणाची? नियमात लिहिलं होतं, ‘सर्वसाधारण रहिवाशाची’. चिठ्ठी टाकली, तर शिवणकाम करणाऱ्या मावशींचं नाव निघालं.

खात्याचा तरुण अभियंता घड्याळ घेऊन त्यांच्या दारात हजर झाला. “मावशी, दवाखान्यापर्यंत चाला. चारशेच मीटर आहे.”

मावशींना लागला एक तास दहा मिनिटं. जिन्यात शेजारणीच्या सुनेची विचारपूस झाली, कोपऱ्यावर चांभाराच्या गुडघ्याची, मग भाजीवालीचं नवं ब्लाउज काखेत काचत होतं ते तिथल्या तिथे चाचपून झालं.

“मावशी, वाटेत बोलू नका ना.”

“अरे, समोरचा विचारतोय कशा आहात, तर तोंड फिरवून जाऊ?”

अभियंत्याने घडलं तसं लिहिलं. सत्तर मिनिटांच्या चालीच्या हिशेबाने नकाशावर दवाखाना साडेपाच किलोमीटर लांब गेला. साहेब हादरले. त्यांनी दवाखाना उचलून मावशींच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आणला. आता वस्तीतले सगळे आजारी जिन्यात बसू लागले, आणि दोन मजले उतरायला मावशींना पाऊण तास लागला. मग दवाखाना थेट त्यांच्या समोरच्या खोलीत आला. अंतर आठ फूट, वेळ पन्नास मिनिटं. रांगेतल्या प्रत्येकाची जीभ मावशींनी डॉक्टरांच्या आधी बघितली.

“जितका जवळ आणावा तितका लांब जातोय हो!” अभियंता रडकुंडीला आला.

त्याची दया येऊन मावशी शहराबाहेर धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे नुसता माळ, खडीचा रस्ता, चिटपाखरू नाही. बहीणही दिवसभर खाणीच्या कचेरीत. खाणीचा दवाखाना सव्वा किलोमीटरवर होता. मावशी चौदा मिनिटांत पोचल्या.

खात्यात टाळ्या वाजल्या. सगळ्यात आटोपशीर वस्ती सापडली होती. लगेच आदेश निघाला, की दाटीतल्या लोकांनी माळावर, एकमेकांपासून निदान अर्धा किलोमीटर सोडून, राहायला जावं. गेले फक्त साहेब.

अकराव्या दिवशी मावशी पिशवी घेऊन खात्यात उभ्या. “पोरा, काल मी मैलाच्या दगडाला विचारलं, बरा आहेस ना म्हणून. मी चालले घरी.”

“पण मावशी, अहवाल...”

“घाल चुलीत.”

तो त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला निघाला. चालता चालता खालच्या आवाजात म्हणाला, “या शहरात मला तीन वर्षं झाली. खोलीपासून कचेरीपर्यंत रोज बरोबर नऊ मिनिटं लागतात. कोणी हटकतच नाही.”

मावशी थांबल्या. पिशवी त्याच्या हातात दिली आणि त्याची डावी बाही ओढून बघितली.

“ही आखूड आहे. कोणी शिवला रे हा शर्ट?”

तो सांगू लागला. मावशींच्या तीन बस निघून गेल्या.