सफरअलीचा तिसरा पिरोजा

पिरोजा, निळा खडा, तेलाला भितो. साबणाला भितो. अत्तरालासुद्धा भितो. आणि हाच म्हणे माणसाचं रक्षण करतो.

इराणातल्या निशापूरच्या बाजारात खडे विकणारा हाजी फतुल्ला गिऱ्हाइकाला सांगतो, "पूर्वी राजे घोड्याच्या लगामाला पिरोजा लावायचे. घोडा ठेचाळला की खडा तडकायचा. स्वार शाबूत!"

सफरअलीच्या घरात पितळी खलबत्ता. त्यात केशर कुटायचं, बाळंतिणीच्या शिऱ्यासाठी.

भिंतीच्या गिलाव्याचा टवका उडालेला. ताजा.

बाळ-बाळंतिणीचं दहाव्या दिवसाचं न्हाण जवळ आलेलं. त्याच दिवशी बाळाच्या टोपीला पिरोजा शिवतात.

"धाड भरली याला!" पिरोजे घासणारा सफरअली स्वतःच्याच उजव्या हातावर ओरडला. खडा घासायच्या चाकावरून सटकून भिंतीवर आपटला होता. हा दुसरा. पहिला परवा चाकाखालीच चिरफाळला.

त्याची बायको तूबा स्वयंपाकघरातून निखाऱ्यांचं भांडं घेऊन धावत आली. नजर उतरवायला निखाऱ्यांवर इस्पंदाचे दाणे टाकले. ते तडतडले, खोलीभर धूर झाला.

"इडापीडा टळली," ती म्हणाली. "नातीवरचं त्या खड्यावर गेलं."

"काही गेलं नाही! मी जोर जास्त दिला. माझी चूक झाली म्हणतोय, ऐकतेस का?"

"ऐकतेय. इडापीडा टळली."

"अगं, एकदा तरी म्हण, की तुमचा हात चुकला!"

"मी कशाला म्हणू? नजर लागते."

सफरअलीने कपाळावर हात मारला. या गावात जन्म गेला त्याचा. पिरोजा फिका पडला की मालकाचं दुखणं त्याने घेतलं. हरवला की संकट घेऊन गेला. फुटला तर मग विचारायलाच नको, पेढे वाटायचे तेवढे राहतात. घासणाऱ्याचा हात कापतो, बोटं बधिर झालीत, हे कोणाच्या तोंडून कधी येणार नाही. त्याला वाटे, कोणीतरी एकदा खडसावून सांगावं. म्हणजे भांडता तरी येईल.

आता एकच दगड उरला होता. बापाने जुन्या खाणीतून स्वतः काढलेला. सफरअलीने तो आपल्या लेकीच्या, निगारच्या, जन्मालासुद्धा घासला नव्हता. आता निगारला मुलगी झाली होती, आणि निगारचा सासरा हाजी फतुल्ला. सफरअलीने खडा दिला नाही, तर हाजी आपल्या दुकानातला यंत्रावर घासलेला काढणार, मखमलीच्या डबीतून.

त्याने दगड लाखेने काडीच्या टोकाला चिकटवला. चाकाचा पट्टा ताणला, पाण्याचा हात फिरवला. दिवसभर घासत राहिला. तूबाने भाकरी आणून ठेवली, ती वाळून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने खडा काडीवरून सोडवला, आणि अंगठ्याने त्याचा घुमट चाचपला. गोल. मशिदीच्या घुमटासारखा गोल! आकाश मळकट झालं होतं, पण खडा निळाशार.

"बघ!" त्याने तूबापुढे धरला.

तूबाने पाहिला. पुन्हा पाहिला. "ठेवा कोनाड्यात," म्हणाली. "चहा पिऊन या. दोन दिवस बाहेर पडला नाहीत."

चहाच्या दुकानात त्याने चारचौघांना सांगितलं, हात अजून शाबूत आहे म्हणून. घरी आला तेव्हा कोनाड्यात खड्याचे दोन तुकडे होते.

"हात कोणी लावला?"

"कोण लावणार? मी शिरा ढवळत होते. टच् असा आवाज आला."

"पिरोजा आपोआप फुटत नाही!"

"लोक तर म्हणतात फुटतो."

"लोक म्हणतात. मी घासतो!"

त्याने कोनाडा तपासला. उंदराचं बीळ शोधलं. शेजारच्या मांजरीला शिव्या घातल्या. गल्लीत जो भेटला त्याला सांगत सुटला, आणि ज्याने त्याने त्याचे दोन्ही हात हातात घेऊन अभिनंदन केलं. चोरी झाली असती तर निदान कोणी हळहळलं असतं.

न्हाणाच्या दिवशी हाजीच्या घरात बायकांची गर्दी होती. हाजीने मखमलीची डबी काढून ठेवलीच होती. तूबाने ती पाहिली आणि तुकडे बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली.

"फुटला," सफरअली आधीच गुरगुरला. "उगाच काही बोलू नका."

हाजीने एक तुकडा उचलला, उजेडात नेला. भेगेची बाजू निरखून पाहिली. "उस्ताद, हा तर आतपर्यंत निळा! माझ्याकडचे निम्मे फोडले तर आतून पांढरे निघतील. हे गिऱ्हाइकांना सांगू नका हं!" बायका हसल्या.

"भेग काय बघता? घुमट बघा! वरून बघा, वरून!"

"वरचं काय बघायचं? मुलीवरचा घाव घेतलाय याने."

"घाव नाही हो! चांगला खडा होता. कोणीतरी..."

"बाबा," निगार म्हणाली, "दोन्ही द्या. मला हेच हवेत." तिने मखमलीची डबी सासऱ्याकडे सरकवली. मग निळ्या दोऱ्याचे वेढे देत दोन्ही तुकडे टोपीला शिवले. भेगा बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसतील अशा. घुमट दोऱ्याखाली झाकून गेला. बायका वाकून वाकून बघत होत्या, माशाल्ला म्हणत होत्या.

"उस्तादाचा हात आहे," हाजी बाहेरून आलेल्या पाहुण्याला सांगत होता. "दुसऱ्या कोणाचा खडा असा घाव घेईल?"

सफरअली भिंतीला टेकून बसला. पुढ्यातला चहा गार झाला, साखरेचा खडा तोंडात तसाच विरघळला. तूबाने त्याच्या हातात शिऱ्याची वाटी दिली. वाटी हलू लागली तशी तिने खालून आपला हात लावला, आणि दुसरीकडे बघत राहिली.

"एकाने," तो पुटपुटला, "एकाने घुमट बघितला नाही."

"नाही बघितला," तूबा म्हणाली.

तो चहाला गेला होता त्या दुपारी तिने खडा आरशावर ठेवून चारही बाजूंनी पाहिला होता. घुमटाचा एक खांदा उंच होता, दुसरा बसका. मग तिने खलातलं केशर कागदावर काढून घेतलं होतं, आणि खडा खलात ठेवून बत्त्याचा एकच घाव घातला होता.