खाणवस्तीतल्या जवानांची शिळा

मी शिळा बोलतेय. ईट गावाच्या पलीकडं माळावर दगडाची खाण आहे, तिथली मी लेक. नुसता दगड म्हणू नका, माझ्या अंगावर तीन जवानांची नावं आहेत.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या खाणवस्तीतले तिघं गेले. सुरुंगाच्या आवाजाला लहानपणापासून सरावलेले, हसत हसत फौजेत गेले होते. त्यातल्या सिद्धारामचं तर मढंसुद्धा आलं नाही. नुसती पत्र्याची पेटी आली.

मग वस्तीनं काम बंद ठेवून मला कड्यातून सोडवलं. मास्तरांनी चुन्यानं नावं काढली, अन् सिद्धारामच्या भावानं, ईरण्णानं, ती खोदली. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. पुसून जातील या भीतीनं त्यानं लई खोल खोदली.

सिद्धारामची बायको नीलम्मा. तिलाही वाचता येत नाही, पण बोट घातलं की नवऱ्याचं नाव बरोबर ओळखायची. सोमवारी तेल लावायची अन् घरचं सगळं सांगत बसायची. "ऐकलंत का? म्हैस व्याली. पुन्हा रेडाच!"

ईरण्णा दगडाच्या धुळीनं खोकून खोकून गेला. त्याचा पोरगा उमाशंकर नीलम्मानंच वाढवला. तो वस्तीचा पुढारी झाला, तेव्हा पहिला पेढा तिनं माझ्यापुढं ठेवला.

त्यानंच यंदा नवं स्मारक आणलं. परगावचं चकचकीत ग्रॅनाइट. वर पाहुण्यांची नावं, खाली त्याचं. जवानांच्या वाट्याला दोनच शब्द : शहिदांना वंदन.

आज नारळ फुटला, फोटो निघाले. पाहुणे जेवायला वळले तशी नीलम्मा तेलाची वाटी घेऊन पायरी चढली. वरपासून खालपर्यंत हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"उम्या, तुझे काका कुठं हायत रं यात?"

"हायत की काकू. मशीनचं काम हाय, हाताला लागत न्हाय."

"मग हे काय लागतंय?"

तिचं बोट एका अक्षरात रुतलं होतं. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"ते... माझं नाव हाय."

"अन् जुनी शिळा?"

"ठिवलीय की नीट." असं म्हणून तो पाहुण्यांच्या मागं गेला.

नीट म्हणजे कशी, ते मी सांगते. पाहुण्यांना चढायला पायरी पाहिजे होती. मला पालथी घातली.

मांडव उतरला, तरी म्हातारी माझ्या पाठीवर अनवाणी उभी आहे. अजून नाव चाचपतेय. अन् तिचा नवरा तिच्या टाचेखाली, मातीत तोंड खुपसून पडलाय. मला तिला हाक मारता येत नाही.

कुणीतरी पहार आणा हो. आधी तिला हात धरून खाली उतरवा, अन् मग मला उलथा.