रोजावरची प्रार्थना

स्टुडिओत तिला सगळे नळमावशी म्हणत. कॅमेरा सुरू झाला की तिच्या दोन्ही डोळ्यांतून धार लागायची आणि 'कट' म्हटलं की बंद. मागाहून ठिबकणं नाही, गळती नाही. बाकीच्या बायकांच्या डोळ्यांत औषध घालून घालून डोळे टोमॅटोसारखे व्हायचे, पण मावशीला कधी थेंबभर औषध लागलं नाही. त्यामुळे पडद्यावर पूर येवो, युद्ध होवो की नायकाच्या आईला क्षय होवो, गर्दीत हात जोडून रडणारी जी बाई दिसायची ती हीच. नाव कुठेही छापलं जात नसे. चेहरा मात्र घराघरांत ओळखीचा, जशी एखादी लांबची आत्या असावी.

घरी मात्र तिनं कधी टिपूस गाळला नाही. लेकीच्या लग्नात सगळे रडत असताना ही व्याह्यांना गमती सांगत होती. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाली, "फुकट कशाला रडू? माझा रोज ठरलेला आहे." नवरा त्याच स्टुडिओत सुतार. प्लायवुडचे राजवाडे उभे करायचा आणि आठवड्यानं स्वतःच मोडायचा, त्यामुळे कुठल्याच गोष्टीचं त्याला फारसं वाटत नसे. तो नुसता हसला.

पण एक गोष्ट मावशीनं त्यालाही सांगितली नव्हती. लेकीचं मूल दोनदा पोटातच गेलं, त्या दोन्ही वेळी तिला खरोखर रडायचं होतं आणि रडू आलं नाही. प्रार्थना करायची होती, तीही केली नाही. देवावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. चांगला ठणठणीत विश्वास होता, तीच तर अडचण होती. आयुष्यभर तोंडाला रंग फासून, रोजावर, दुसऱ्यांच्या खोट्या आजारांसाठी तिनं देवाला हाका मारल्या होत्या. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तिला ठाऊक होती. देवानं प्रत्येक वेळी वर मान करून पाहिलं असेल, नायिका डबा खाताना दिसली असेल आणि तो बिचारा परत आपल्या कामाला लागला असेल. आता खऱ्या गरजेला हाक मारली तर म्हणेल, आली पुन्हा ही बया. तेव्हा मावशीनं मनाशी ठरवलं होतं की एकच हाक शिल्लक ठेवायची, आणि ती अगदी नेमक्या वेळी, नेमक्या माणसासाठी मारायची.

अशात तो सिनेमा आला. गोष्ट अशी होती: रंगमंचावरची एक मोठी नर्तकी टाळ्यांच्या नादात देवाला विसरते, ऐन मोठ्या खेळाच्या दिवशी आजारी पडते, आणि तिकिटं काढून आलेले प्रेक्षक नाट्यगृह सोडून प्रार्थनागृहात जमतात. सगळे तिच्यासाठी प्रार्थना करतात, घंटा आपोआप वाजते आणि ती डोळे उघडते. इतकी गोड गोष्ट की ऐकणाऱ्याची दाढ दुखावी. दिग्दर्शकानं ती स्वतः लिहिली होती आणि वाचून दाखवताना तो स्वतःच दर वेळी रडायचा. त्यानं मावशीला नाट्यगृहातल्या झाडूवालीचं काम दिलं, आणि त्या कामात चक्क एक वाक्य होतं. 'देवा, माझ्या वाट्याचं उरलेलं आयुष्य या पोरीला दे.'

मावशीच्या आयुष्यातलं हे पहिलं वाक्य. घरात दुसरा विषय उरला नाही. भांडी घासताना, दारं लावताना, जिना चढताना ती ते म्हणून पाहायची. नवऱ्यालाही ते इतकं पाठ झालं की खिळे ठोकताना तो तालावर म्हणू लागला.

आणि नकटीच्या लग्नाला विघ्नं यायचीच. ज्या दिवशी वाक्य, त्याच दिवशी पहाटे लेकीला कळा सुरू झाल्या आणि दवाखान्यात न्यावं लागलं. मावशी तिच्या खाटेशी बसली ती हलेना. लेकच शेवटी वैतागली.

"आई, तू जा बघू. तू इथे बसलीस की मला तुझीच काळजी वाटते."

"वाक्याचं काय मोठं. म्हणेल कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे तुझ्या कामांवर टपलेली ती गर्दीतली खोकणारी बाईच ना? तिला वाक्य गेलेलं चालेल तुला?"

हे मात्र वर्मी लागलं. नवरा म्हणाला, "तू जा गं. मी बसतो इथे. काही झालं की स्टुडिओच्या फाटकावर फोन करतो, दरवान तुला येऊन सांगेल." मावशीनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला. शिल्लक ठेवलेली हाक तिथेच मारून टाकावी असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण नर्स म्हणाली अजून बराच वेळ आहे, आणि मावशीला वाटलं, इतक्यात नको. घाईत मारली आणि देव दुसरीकडे गुंतलेला असला तर?

स्टुडिओत या दिग्दर्शकाचा एक नियम होता, त्यावरून लोक मागे हसत. रडण्याचा प्रसंग असला की तो दारं आतून बंद करायचा, बाहेरचा लाल दिवा लावायचा आणि प्रसंग मनासारखा होईपर्यंत दिवा विझवायचा नाही, दोन टेकच्या मध्येसुद्धा नाही. दार उघडलं की भावना पळून जाते असं त्याचं म्हणणं. आत आग लागली तरी तो आधी 'कट' म्हणेल आणि मग पळेल, असं दरवान सांगायचा.

दारं बंद झाली. नवऱ्यानंच उभारलेल्या प्रार्थनागृहात, रंगवलेल्या खांबांमध्ये, शंभरेक माणसं गुडघे टेकून बसली. मध्ये लाकडी बाकावर पांढरी चादर पांघरून बाईसाहेब निजल्या. बाईसाहेब म्हणजे सिनेमाची नायिका. त्या कोणाशी फारशा बोलत नसत म्हणून शिष्ट समजल्या जात. मावशी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप आणि हातात झाडू, त्यांच्या उशाशी बसली. कॅमेरा तिच्या तोंडाशी आला. इतका जवळ तो कधीच आला नव्हता.

"देवा," मावशी म्हणाली, आणि थबकली.

कारण तिच्या मनात भलतंच आलं. समजा, नेमकं आजच देवानं ऐकलं तर? आजवरच्या हाका गर्दीतल्या होत्या. आज पहिल्यांदा ती एकटी बोलत होती, शंभर माणसं गप्प होती, वर एवढा दिवा. आज ऐकू जाणारच. आणि ती मागणार काय, तर 'या पोरीला'. या पोरीला काय झालं होतं? दुपारी दोन वेळा वाढून घेऊन जेवली होती. हाक एकच शिल्लक, आणि ती ठणठणीत बाईवर उधळायची, तीही खरी पोर तिकडे वेणा देत असताना?

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "मावशी, विसरलात का?"

"नाही साहेब. म्हणते."

दुसऱ्यांदा ती म्हणाली, "देवा, माझ्या वाट्याचं उरलेलं आयुष्य माझ्या पोरीला दे."

"माझ्या नाही, या. ती तुमची मुलगी नाही. तुम्ही झाडूवाली आहात."

तिसऱ्यांदाही 'माझ्या'. चौथ्यांदा ती 'या'ही नाही नि 'माझ्या'ही नाही, नुसतंच 'पोरीला' म्हणाली, म्हणजे देवाला हवा तो अर्थ घेता यावा. दिग्दर्शकाच्या कपाळावर आठ्या चढल्या. एरवी नमनाला घडाभर तेल घालणारा माणूस, पण आता त्याचंही तेल संपत आलं होतं. मागच्या रांगेत खोकणारी बाई अर्थपूर्ण खोकली. लाल दिवा जळत राहिला आणि दार बंदच राहिलं. मावशीला कळत होतं की आपण वाक्य म्हणत नाही तोवर बाहेरचा निरोप आत यायचा नाही. तरी जीभ वळेना.

प्रकाशवाले दिवा सरकवत होते, तेवढ्यात चादरीतून आवाज आला. "मावशी, काय झालंय?"

बाईसाहेबांनी एकच डोळा उघडला होता. मावशीनं आजवर त्यांना नमस्कारापलीकडे काही म्हटलं नव्हतं, पण आता तिच्यानं राहवलं नाही. खाली वाकून, झाडू नीट करण्याचं निमित्त करून, तिनं सगळं सांगून टाकलं: लेक, आधीची दोन, रोजावरच्या हाका, शिल्लक राहिलेली एक. आपण काय बडबडतोय असं तिचं तिलाच वाटलं. बाईसाहेब हसतील असंही वाटलं.

बाईसाहेब हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "असं करा. तुम्ही खुशाल मला द्या. मला जे काही मिळेल ते सगळं मी तुमच्या लेकीला दिलं. आत्ताच दिलं, तुमच्यासमोर. मला नको, मी धडधाकट आहे."

"असं चालतं?"

"देणारी तुम्ही, घेणारी मी. माझं मी कोणालाही देईन. यात देवाला काय हरकत असणार?"

मावशीला हे एकदम पटलं. कायदा तिला कळत नव्हता, पण शेजारणीनं दिलेली वाटी तिसरीच्या घरी जाते, हे तिनं उभा जन्म पाहिलं होतं.

पुढच्या टेकला तिनं वाक्य म्हटलं. जसं होतं तसं, 'या पोरीला'. पण ते म्हणताना ती कॅमेरा विसरली, रोज विसरली, आणि रडायचीही विसरली. ओठ थरथरले नाहीत, नजर वर गेली नाही. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी इतक्या साधेपणानं तिनं मागितलं आणि मिळायची वाट पाहत बसून राहिली.

बराच वेळ कोणी 'कट' म्हणालं नाही. मग दिग्दर्शक हळूच म्हणाला, "मावशी, पाणी कुठे गेलं? तुम्ही तर रडलाच नाहीत."

"साहेब, हेच ठेवा," चादरीतून बाईसाहेब म्हणाल्या. "माझ्या अंगावर काटा आलाय. पुन्हा करायला सांगितलंत तर मी उठून घरी जाईन."

दिग्दर्शकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. स्वतःच्या लिखाणाला रडणारा माणूस तो, पण आज त्याच्या डोळ्यांत दुसऱ्याच्या कामासाठी पाणी होतं. "दिवा घालवा," तो म्हणाला.

दार उघडलं, तर उंबऱ्यावरच दरवान उभा. टोपी हातात, घामाघूम, आणि तोंड रागावल्यासारखं.

"वहिनी, किती वेळ लावलात? मी बाहेर उभा राहून राहून वाळलो. मुलगी झाली. दोघी छान आहेत. पोरगी अशी रडतेय म्हणे, की पुढच्या दोन वॉर्डांत ऐकू जातंय."

मावशीचा जीव भांड्यात पडला, पण लगेच ती दचकली. "किती वेळ? म्हणजे झाली कधी?"

"तुमचा दिवा लागला आणि फोन आलाच की. तुमचं पहिलं वाक्यसुद्धा झालं नसेल."

मावशीनं मनात हिशेब मांडला. हाक मारायच्या आधीच? तिनं एवढी जपून, वळसे घालून, बाईसाहेबांच्या हस्ते पाठवलेली हाक निघायच्या आधीच काम झालेलं?

"मग माझी प्रार्थना?" ती पुटपुटली.

दरवानाला आधीचं काही ठाऊक नव्हतं. तो आपला सरळ माणूस. "वहिनी, तुम्ही काय आज पहिल्यांदा प्रार्थना केलीत? या फाटकातून आत येऊन जन्मभर तेच केलंत. त्यातलीच एखादी लागली असेल."

हे ऐकलं आणि मावशीला हसू फुटलं. म्हणजे पुरातली, युद्धातली, क्षयाच्या खोकल्यावरची, सगळ्या हाका त्यानं ऐकून ठेवल्या होत्या? आणि आपण उगाच त्याला रागीट समजत होतो? हसता हसता तिचा टोप तिरका झाला, हातातला झाडू पडला. बाईसाहेब बाकावर उठून बसल्या आणि त्याही हसायला लागल्या. शंभर माणसं का हसतोय हे न कळता हसू लागली. खोकणारी बाईसुद्धा.

दिग्दर्शक एकदम ओरडला, "कोणी हलू नका. बाईसाहेब, झोपा आणि डोळे उघडा. मावशी, दवाखान्यात जायचं ना? दोनच मिनिटं, अशाच हसत राहा." कागदावर त्यानं लिहिलं होतं की नर्तकी डोळे उघडताच सगळे रडतात. तो कागद त्यानं खिशात कोंबला.

मावशी टोप आणि रंगवलेल्या सुरकुत्यांसकट दवाखान्यात पोचली. नर्सनं तिला बाळाची पणजी समजून आदरानं खुर्ची दिली. लेकीनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "आई, वाक्य म्हटलंस ना?"

सिनेमा लागला तेव्हा नात बसायला शिकली होती. सगळी जणं तिला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. मावशी आजवर स्वतःला गर्दीत शोधत आली होती, त्या दिवशी शोधावं लागलं नाही. पडदाभर तिचाच चेहरा आला, साधा, कोरडा, काहीतरी मागणारा. शेजारच्या खुर्चीवर नवऱ्याचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते. थिएटर चिडीचूप झालं. मग घंटा वाजली, बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि पडद्यावरची मावशी तिरक्या टोपानं तोंड भरून हसली. तिला हसताना पाहून आख्खं थिएटर रडायला लागलं. आयुष्यभर तिला रडताना पाहिलेले लोक होते ते.

नात टाळ्या पिटत पडद्याकडे झेपावली, मग वळली, आजीचा खरा चेहरा बघून गोंधळली आणि ओले गाल हातानं चापटू लागली. तेव्हा कुठे मावशीला कळलं की आपण रडतोय. कॅमेरा नव्हता, दिवा नव्हता, रोज तर नव्हताच.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. कानाशी तोंड नेऊन तो हळूच म्हणाला, "कट."

पण नळ काही बंद झाला नाही.