पाय कुठे होता

बेकरीसमोर लावलेली गाडी ताईने सुरू केली, मागे कोणी आहे का ते मान वळवून नीट पाहिलं, जराशी मागे घेतली, पुन्हा पुढे काढली, आणि गाडी उधळली. सरळ बेकरीकडे. ताईने जीव खाऊन ब्रेक दाबला. थांबायचं सोडून गाडी आणखी जोरात गुरगुरायला लागली. तिने आणखी दाबला, सीटवरून अर्धी उचलली गेली इतका. फुटपाथ चढून, काच फोडून गाडी काउंटरला जाऊन भिडली तेव्हाच ती थांबली. काउंटरमागे पावाचे ट्रे लावणारी बेकरीवाली काकू भिंतीवर फेकली गेली.

काकू वाचली. उजवा हात मात्र मनगटाच्या वर मोडला, तोही वाईट मोडला.

"मी ब्रेकच दाबत होते," ताई सगळ्यांना सांगत होती. रस्त्यात जमलेल्यांना, पोलिसाला, दवाखान्यात नवऱ्याला. ती खोटं बोलत नव्हती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं तिचं काम. 'आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?' असं दिवसभर न कंटाळता विचारणारी बाई. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा स्वभावच नव्हता. त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. सगळ्यांच्या आधी ठेवला तिच्या धाकट्या भावाने.

त्याला घरात पाना म्हणत. लहानपणी घरातलं घड्याळ, पंखा, रेडिओ, काहीच त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं, म्हणून ते नाव पडलं. पुढे त्याने गॅरेज टाकलं तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, आता लोकांच्या वस्तू खोलेल." ताईची गाडी आदल्याच दिवशी त्याच्याकडे होती. ॲक्सिलरेटरची केबल त्यानेच बदलली होती.

"केबल अडकली असणार," दवाखान्याच्या बाकावर बसून तो म्हणाला. "शेवटची क्लिप लावताना एक गिऱ्हाईक आलं. मी त्याच्याशी बोलत बसलो. क्लिप लावली की नाही, मला आठवत नाही, ताई."

गाडीचं नाक इतकं चेपलं होतं की केबल आधी निसटली की धडकेने तुटली, हे तपासायला आलेल्या माणसालाही सांगता येईना. मग उरला ताईचा शब्द आणि पान्याचं न आठवणं. दोन्ही एकाच बाजूला झुकत होती.

त्या दिवसापासून पाना रोज पहाटे बेकरीत जायला लागला. मैद्याच्या गोण्या उतरवायच्या, भट्टी पेटवायची, पीठ मळायचं. काकूने त्याला बोलावलं नव्हतं आणि हाकललंही नाही. गळ्यात अडकवलेला हात सांभाळत ती स्टुलावर बसून सूचना द्यायची. पान्याच्या हातचा पाव पहिल्या आठवड्यात असा निघाला की एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, गाडी आली तेव्हा हा पाव आडवा लावायला हवा होता. जागच्या जागी थांबली असती." सगळे हसले. पाना खाली मान घालून मळत राहिला.

गॅरेजमध्ये गाड्या येईनाशा झाल्या. आल्या तरी ब्रेकचं आणि ॲक्सिलरेटरचं काम तो घेईना. "दुसरीकडे दाखवा," एवढंच म्हणायचा. गाडीचं मुख्य कामच जो करत नाही त्याच्याकडे कोण कशाला जाईल?

ताईला त्याची दया येई. रागही येई, पण तो ती गिळून टाकायची. "माणूस आहे, चुकतं एखाद्याचं," ती नवऱ्याला म्हणायची. आपण किती समजूतदार आहोत याचं तिला मनातून बरंही वाटायचं. पुढे तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती याचीच.

तिच्या मनात गाडीची भीती बसली होती. ती जावी म्हणून एका रविवारी नवऱ्याने मित्राची गाडी मागून आणली, तिच्यासारखीच, गिअर न बदलायची. दोघं गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात गेले. दोन चार फेऱ्या मजेत झाल्या. ताईचे खांदे सैल पडले.

"आता थोडी मागे घे," नवरा म्हणाला.

तिने मान वळवली, कंबरेतून वळून मागे पाहिलं, गाडी मागे घेतली, थांबवली, पुन्हा पुढे काढली. तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं. ताईने पाय दाबला. गाडीने उडी घेतली. तोच गुरगुराट. तिने आणखी जोर लावला.

"पाय काढ!"

"ब्रेक लागत नाहीये!"

नवऱ्याने हात घालून दांडी न्यूट्रलला ओढली. इंजिन जागच्या जागी किंचाळत राहिलं. कुत्रं केव्हाच पळालं होतं.

"खाली बघ," तो म्हणाला.

तिने खाली पाहिलं. तिचा पाय ॲक्सिलरेटरवर होता, पार तळापर्यंत दाबलेला. आणि पाहत असतानाही तिच्या पायाला तो ब्रेकच वाटत होता. तिने पाय उचलला. आवाज थांबला. मागे वळताना ती सीटवर किंचित सरकली होती, तिच्यासोबत पायही सरकला होता, आणि तो चुकीच्या जागी आहे हे तिला कळलंच नव्हतं. जितकी घाबरली तितका दाबला, जितका दाबला तितकी गाडी पळाली.

नवऱ्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"आज असं झालं म्हणून त्या दिवशीही हेच झालं असं नाही," तो म्हणाला.

"हेच झालं होतं."

"तुला काय माहीत? केबलचंही असू शकतं. त्याला स्वतःलाच आठवत नाही. आता जखमेवरची खपली कशाला काढायची?"

ताई गप्प बसली. घरी आली, स्वयंपाक केला, दुसऱ्या दिवशी कामावर गेली. 'आता बरं दिसतंय, की आधी?' लोक उत्तर द्यायचे आणि तिला ऐकू यायचं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दिवस जात राहिले. दिवसागणिक सांगणं आणखी अवघड होत गेलं, कारण आता नुसती चूक सांगायची नव्हती, गप्प बसणंही सांगायचं होतं.

मग आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. पाना उशिरा आला, नखांत पीठ घेऊन. घास घेता घेता म्हणाला, "गॅरेज देऊन टाकतोय. एका गोदामात माल मोजायचं काम मिळतंय."

"बरंच झालं," आई म्हणाली. "सख्ख्या बहिणीचा जीव घेतला असतास. बिचारीने तुला एका शब्दाने दुखावलं नाही, म्हणून निभावलं."

पान्याने मान डोलावली. ताईच्या हातातला घास हातातच राहिला. नवऱ्याने टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. धीर द्यायला की गप्प बसवायला, तिला कळलं नाही. तिने तो बाजूला केला.

"आई, त्याला बोलू नकोस. ब्रेकवर नव्हताच माझा पाय."

मग तिने मैदानातलं सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. आईने दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला, पण ताई थांबली नाही. पाना ऐकत होता. त्याचा चेहरा उजळेल असं ताईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"हे कधी कळलं तुला?" त्याने विचारलं.

ताईने सांगितलं.

"म्हणजे परवा तू बेकरीत पाव न्यायला आलीस, मी भट्टीपाशी होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मला म्हणालीस, हात भाजून घेऊ नकोस."

पान्याने ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं आणि तो निघून गेला. आईने त्याला हाक मारली नाही. पोराला आपण काय काय बोललो ते तिला आठवत असावं.

दुसऱ्या सकाळी ताई बेकरीत गेली. नवी काच लागली होती. काकूने प्लास्टर काढलेल्या हाताने एक चेंडू दाबायचा व्यायाम चालवला होता. बोटं पुरती मिटत नव्हती. ताईने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

काकू चेंडू दाबत राहिली. "हात माझा एकच मोडला," ती म्हणाली, "आणि माफी मागायला दोघं."

"त्याची चूक नव्हती, काकू."

"ते ऐकलं मी. माझ्या हाताचं म्हणशील तर अपघात होता, मुद्दाम कोण करतं? हाताचं मी विसरेन. पण त्या पोराला मी इतके दिवस राबवलं. कधी कधी मुद्दाम जास्त गोण्या उचलायला लावल्या, रागाने. ते आता माझ्याही डोक्यावर बसलं." तिने चेंडू काउंटरवर ठेवला. "आज तो आला नाहीये. पहाटेपासून गोण्या बाहेरच पडल्यात."

ताईने पर्स ठेवली, बाह्या सारल्या. गोणी तिला पेलेना, तेव्हा ती ओढत ओढत आत नेली. काकू बघत होती, थांब म्हणाली नाही.

पान्याने गॅरेज विकलं नाही. पोलिसाला, शेजाऱ्यांना, पान्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना ताई स्वतः जाऊन सांगून आली, तेव्हा हळूहळू गाड्या परत यायला लागल्या. आता तो कामाच्या मध्ये कोणाशी बोलत नाही. कोणी आलंच तर हात वर करून थांबवतो. आई त्याच्यासाठी डबा पाठवते, तो रिकामा करून परत करतो. ताईशी तो बोलतो, पण कामापुरतं. ती 'कसा आहेस' विचारते, तो 'बरा' म्हणतो.

एकदाच तो आपणहून बोलला. ताई रस्त्याने चालत जात होती, त्याने गॅरेजमधून हाक मारली. एक गाडी उघडून तिला आत बसवलं आणि तो बाहेर दाराशी उकिडवा बसला, तिच्या पायापाशी.

"मागे वळून बघ," तो म्हणाला. "आता पुढे बघ. पाय कुठे आहे?"

"ब्रेकवर."

"उजवीकडे सरकलाय. बघ." त्याने तिची टाच धरून जागेवर आणली. "गाडी उधळली तर दाबायचं नाही. आधी पाय उचलायचा. मग बघायचं."

"पाना, मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "पुन्हा वळ."

ती वळली.