काष्टीच्या बाजारात मला जुंपलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. 'जुनी' हे मी म्हटलं तर चालतं, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. पाठीला लांबरुंद खण आहे, मागे लोखंडी हूक आहे, आणि अंगातली रग अजून जिरलेली नाही.

माझा सांगाडा मुंबईहून आला, वरचा पत्रा नगरच्या कारागिरांनी ठोकून चढवला. हेमचंद्रशेठनी मला घेतलं. त्यांचा तंबूतला सिनेमा होता. पोटात तंबू, बांबू आणि पडदा, मागच्या हुकाला जनरेटर, असा सगळा संसार ओढत मी जत्रांमागून जत्रा केल्या. अकोले तालुक्यातल्या घाटात माझ्यापेक्षा नव्या गाड्या वाफ सोडत उभ्या राहायच्या, आणि मी त्यांच्या नाकासमोरून चढून जायची. गावात शिरले की पोरं अनवाणी मागे धावत. ते कौतुक मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसं प्यायच्या पाण्याला महाग झाली, तिथे सिनेमा कोण बघणार? तंबू गुंडाळला गेला आणि मला एका चिंचेखाली उभं केलं. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी हाडं झिजवली, ते शेठ माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. मला वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त यायचा.

उन्हाळ्यात शेठनी मला काष्टीच्या जनावरांच्या बाजारात विकायला आणलं. त्या दिवसांत तिथे बैलच बैल. चारापाणी नव्हतं म्हणून लोक दावणीची जनावरं आणत आणि विकून परत जाताना मागे वळून बघत नसत. माझ्याजवळ पहिला आला तो भंगारवाला छगन. त्यानं दारावर हातोडी वाजवली.

"शेठ, लोखंड बरं हाय. हितंच तोडून नेतो."

मी उभी होते, ऐकत होते, आणि हा माझ्या तेराव्याला आल्यासारखा बोलत होता!

तेवढ्यात शेजारी एक बैलगाडी थांबली. गाडीत गोजरबाई आणि त्यांचा दीर आसाराम. दोघं आपली बैलजोडी विकायला आले होते. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या.

"वैनी, पान्यावाचून डोळ्यादेखत मरत्याल. त्यापरीस इकू," आसाराम म्हणाला.

"इकल्यावर त्यांना काय शाळंत घालनारेत व्हय? सुरीखालीच जायाचे," गोजरबाई फणकारल्या. मग त्यांची नजर माझ्या हुकावर पडली. "धरनात पानी हाय अजून. वस्तीपातूर टाकी वढायला कुनी न्हाई, येवढंच. ही वढंल का?"

आणि मित्रांनो, त्यांनी मला पारखायला घेतलं, थेट बैलासारखं! बॉनेट उघडून दात बघावेत तसं आत डोकावल्या. खाली बसून खूर बघावेत तशी चाकं बघितली. पाठीवर दोन थापा मारल्या. एवढ्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "पर जुंपल्याबिगर जनावर घेत न्हाईत."

इथली बैल पारखायची रीत मोठी कठोर. गाडीत दगड भरायचे, चाकं दोरानं जखडायची, आणि मग ओढायला लावायचं. गोजरबाईंनी बैल सोडले, तीच गाडी दगडांनी भरून घेतली, चाकं आवळली आणि जाड दोर सरळ माझ्या बॉनेटवरून टाकला. बैल मानेनं ओढतो, तशी मीही ओढणार!

आसाराम पोट धरून हसला. त्यानं साखर कारखान्याचा ट्रक चालवलेला होता. "अवं वैनी, हिची मान पाठीमागं हाय!" त्यानं दोर काढून माझ्या हुकाला बांधला आणि स्वतः स्टिअरिंगवर चढून बसला.

गोजरबाई हसल्या नाहीत. "भावजी, वढली तर बैल माघारी घरला. न्हाई वढली, तर तुमी म्हनाल तसं."

म्हणजे एकटी मी नव्हे, ते दोन मुके जीवही आता माझ्याच हुकाला बांधले गेले होते.

पहिल्याच हिसक्याला माझं इंजिन बंद पडलं. "बसली! बसकी हाय!" जुवाखाली बसकण मारणाऱ्या बैलाला म्हणतात तसं छगन ओरडला. गर्दी खदखदून हसली. गोजरबाई पुढे आल्या आणि तापलेल्या बॉनेटवर त्यांनी तळहात ठेवला.

"नव्या हाताखाली कंचं जनावर पयल्यांदा चालतं? फिरवा परत."

मग मात्र मी इरेला पेटले. धूर ओकला, अंग थरथरलं, पुढचा बंपर खळ्ळकन गळून पडला. पडू दे! जखडलेल्या चाकांनी जमिनीत नांगरल्यासारखी दोन तासं पाडली आणि गाडी दगडांसकट माझ्या मागे फरफटत आली. आसारामनं ब्रेक दाबला म्हणून थांबले, नाहीतर काष्टीची वेस ओलांडली असती.

छगन तोंड वासून उभा होता. गोजरबाईंनी पडलेला बंपर त्याच्या हातात दिला. "घ्या, तुमची भवानी झाली."

रुमालाखाली शेठ आणि आसारामनं बोटं दाबली. सौदा किती झाला ते मला दिसलं नाही, आणि मला त्याच्याशी कर्तव्यही नाही. त्या संध्याकाळी मी पुढे आणि मागून ते दोन बैल, असे आम्ही वस्तीवर आलो.

पाऊस येईपर्यंत मी टाकी ओढली. दोन्ही बैल जगले. पोळ्याला त्यांच्या शिंगांना रंग लावला, तेव्हा उरलेला माझ्या बॉनेटला फासला. बैलांनी आपली पुरणपोळी खाल्ली, माझी आसारामनं. छगन अजूनही वाटेनं जाताना माझ्या पत्र्याकडे हात नेतो. "हात लावू नगा," गोजरबाई ओसरीवरून ओरडतात, "दावनीचं जनावर हाय!"

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल, एखादा थकलेला जीव असेल. त्याला वेळेवर तेलपाणी द्या, पाठीवरून हात फिरवा. तरीही मोडीत काढायचंच मनात असेल, तर आधी एकदा जुंपून बघा. नाही ओढलं, तर खुशाल हातोडी उचला. पण जुंपल्याशिवाय नाही!